ताटाशी सगळे, कानाशी थोडे

आमच्या ख्रिस्ती घरांतून मुलगा किंवा मुलगी शिकायला पुण्या-मुंबईला निघाली की आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब येतात. बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या असतात, लाडवांचा डबा कुठल्या पिशवीत घालायचा यावर अजून एकमत झालेले नसते, आणि बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असते. स्तोत्रसंहितेतले पहिले स्तोत्र वाचले जाते. प्रार्थना होते, चहा होतो. निघताना आई, आत्या, मावशी, सगळ्यांचे एकच सांगणे असते : "संगत सांभाळ हो." पोर मान डोलावते. कोणाची संगत आणि सांभाळायची म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. सगळ्यांनी मनात धरलेले असते की चांगली संगत म्हणजे मंडळीतली मुले आणि वाईट संगत म्हणजे बाहेरची.

या सांगण्यामागच्या काळजीबद्दल मला आदर आहे. माणूस संगतीने घडतो आणि संगतीनेच बिघडतो, हे आपल्या मातीत वेगळे सांगावे लागत नाही. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर काय होते, हे ज्याच्या दावणीला कधी बैल नव्हता त्यालाही ठाऊक असते. पण चांगल्या-वाईटाची रेघ आपण चर्चच्या कंपाउंडवरून ओढतो, तिथे माझे मन अडते. कारण शास्त्रात ती रेघ तिथून जात नाही.

वाईट सोबतीने चांगले वळण बिघडते, अशा अर्थाचे पौलाचे वचन संडे स्कूलमध्ये आमच्याकडून पाठ करून घेतले जाई. मुळात ते मेनांदर या ग्रीक नाटककाराचे समजले जाते. पौलाने करिंथच्या लोकांना त्यांच्याच ओळखीच्या शब्दांत समजावले. पण ते येते कुठे, तर पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात. तो सारा अध्याय पुनरुत्थानाचा आहे. मेलेले उठत नाहीत असे म्हणणारे काही जण खुद्द करिंथच्या मंडळीत होते आणि पौलाचा वाद त्यांच्याशी चालला होता. म्हणजे ज्या संगतीपासून तो सावध करतो आहे ती एकाच मंडळीत, एकाच मेजावर प्रभुभोजन घेणाऱ्यांची होती. याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तो आणखी स्पष्ट बोलतो. जगातल्या पापी माणसांशी संबंधच ठेवू नका असे मला म्हणायचे नव्हते, तसे करायचे तर तुम्हाला जग सोडूनच जावे लागेल. जो स्वतःला बंधू म्हणवतो आणि लोभ, व्यभिचार, निंदा यांत राहतो त्याच्यापासून दूर राहा. आणि दहाव्या अध्यायात विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले तर खुशाल जा, वाढतील ते जेवा, असेही तो सांगतो. मेजवानीला जाण्याची मोकळीक देणारा आणि भावाविषयी बजावणारा पौल एकच आहे. त्याची काळजी माणूस कुठल्या दारातून आत आला याची नाही, आत येऊन तो आपल्या मनाशी काय करतो याची आहे.

हे मला सर्वांत लख्ख दिसले ते दावीदाच्या घरात.

दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन. सावत्र बहीण तामार हिच्यावर त्याचे मन गेले. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय सांगतो की त्याला एक मित्र होता, योनादाब. दावीदाच्या सख्ख्या भावाचा मुलगा, म्हणजे घरातलाच, आणि फार चतुर. मित्राच्या लक्षात आले की हा दिवसेंदिवस खंगत चालला आहे. त्याने जवळ बसून विचारले, का रे, काय झाले? इथपर्यंत कोणीही म्हणेल, मित्र असावा तर असा. अम्नोनाने मनातले सांगितले. योनादाब दचकला नाही, रागावला नाही, "अरे, ती तुझी बहीण" एवढेही बोलला नाही. त्याने युक्ती सांगितली. आजाराचे सोंग घेऊन पडून राहा, वडील बघायला आले की म्हण, तामारला पाठवा, तिच्या हातचे खाईन म्हणतो. झाले तसेच. तामारचे आयुष्य धुळीला मिळाले. दोन वर्षांनी मेंढरांच्या कातरणीच्या मेजवानीत तिचा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला मारवले. राजाचे सगळे मुलगे मेले अशी अफवा दावीदाकडे पोचली, तेव्हा तिथे शांतपणे उभा असलेला योनादाब म्हणाला, सगळे नाहीत, एकटा अम्नोन गेला. अबशालोमाच्या मनात हे त्या दिवसापासूनच होते. या माणसाला सगळे उमगलेले होते. ज्याला त्याने वाट दाखवली तो त्या वाटेने मरायला गेला तेव्हा हा राजाजवळ सुखरूप उभा होता.

योनादाब दारुडा नव्हता. परक्या देवाचा भक्त नव्हता. आपुलकीने चौकशी करणारा, घरचा, हुशार माणूस होता. आपल्या मनात जे आधीच शिजत असते त्याला वाट काढून देणारा असा माणूस प्रत्येकाला कधी ना कधी भेटतो, आणि तो फार आवडतो, कारण तो आपल्याला कधीच अडवत नाही.

आणि याच दावीदाच्या आयुष्यात, एक पिढी आधी, योनाथान. शौलाचा मुलगा, गादीचा वारस. बाप दावीदाच्या जिवावर उठलेला, दावीद झीफच्या रानात लपलेला. योनाथान तिथे त्याला शोधत गेला. त्याने सोबत सैन्य नेले नाही, बापाविरुद्ध कट रचला नाही. शास्त्र एवढेच सांगते की त्याने दावीदाला देवाच्या ठायी बळ दिले. भिऊ नको म्हणाला. तू राजा होशील आणि मी तुझ्या खालोखाल असेन म्हणाला. जी गादी त्याचीच होती ती त्याने मित्राच्या भीतीवर पांघरूण म्हणून घातली. दोघांनी परमेश्वरासमोर करार केला, दावीद रानात राहिला, योनाथान घरी परतला. त्यांची ही शेवटची नोंदलेली भेट. पुढे गिलबोवाच्या डोंगरावर तो बापाच्याच बाजूने लढताना पडला.

दावीदाला योनाथान लाभला आणि त्याच्या मुलाच्या वाट्याला योनादाब आला. दोघेही अब्राहामाच्या देवाला मानणारेच. फरक एवढाच की एकाला भेटून माणूस देवाकडे वळला आणि दुसऱ्याला भेटून स्वतःच्या वासनेकडे.

तेव्हापासून मी मैत्रीला एकच कसोटी लावतो. एखाद्याबरोबर तासभर बसून उठल्यावर त्या रात्री प्रार्थना सोपी जाते की जड? काही माणसांना भेटून आलो की गुडघे आपसूक टेकतात. काहींना भेटून आलो की डोळे मिटल्यावर कोणाचा तरी पगार, कोणाचा तरी फ्लॅट, कोणाचा तरी अपमान समोर नाचत राहतो. समोरचा माणूस वाईट असतो असे नाही. पण त्या तासाने माझ्यात काय पेरले ते रात्री उगवलेले दिसते, आणि तिथे फसवणूक चालत नाही.

बँकेच्या कर्ज विभागात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. तिथे जामीनदार पाहिले. अर्जदाराच्या शेजारच्या खुर्चीत बसलेला माणूस कागद न वाचता सही करतो, कारण मित्राने सांगितलेले असते, "नुसती फॉर्मॅलिटी आहे रे." हप्ते थकले की पगारातून कपात त्याची सुरू होते. पुढे दोघांच्या बायका बाजारात एकमेकींना टाळू लागतात. नीतिसूत्रांत शेजाऱ्याला जामीन राहणाऱ्याला इतके कळकळीने का बजावले आहे, हे मला उपदेशातून कळले नव्हते ते त्या टेबलाशी कळले. विजोड जुवाखाली जाऊ नका अशी पौल गोष्ट करतो तीही हीच. बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नये असे मोशेच्या नियमात आहे; गाढव वाईट म्हणून नव्हे, दोघांची चाल वेगळी म्हणून. लग्न, धंद्यातली भागी, जामीन, ही जुवाची नाती. तिथे ओढ एका दिशेची आहे की नाही हे जू मानेवर घेण्याआधी पाहायचे असते. बाकी अंगणात दोघांनी सुखाने राहावे.

आता घरातलेच बोलतो, कारण ते बोलायला अवघड आहे. आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी घरोघरी प्रार्थनासभा होते. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत वर्तमानपत्राची कव्हरे घातलेली 'उपासना संगीत'ची पुस्तके, एक पेटी, आणि भिंतीला टेकून बसलेली माणसे. वचन झाले की प्रार्थनेचे विषय विचारतात. एका बुधवारी एका बाईने रडत रडत सांगितले की मुलीचे ठरलेले लग्न मोडले, कारणही सांगितले. रविवारपर्यंत ते कारण चर्चच्या आवारातल्या झाडाखाली पोचले होते. सांगणारी प्रत्येक जण आधी म्हणत होती, "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं." त्या बाईंनी पुढे बुधवारी येणे सोडले. उपासनेला येत, शेवटच्या बाकावर बसत आणि आशीर्वचन संपताच निघून जात. कोणी त्यांना बाहेरच्या जगाने बिघडवले नव्हते. आमच्याच सहभागितेने त्यांचे तोंड बंद केले.

त्याच सतरंजीवर एक निवृत्त परिचारिका बसत. त्यांच्याजवळ एक लहान खिशातली डायरी असे. विषय सांगितला गेला की त्या डायरीत फक्त आद्याक्षरे लिहीत, कारण लिहीत नसत. प्रार्थनेचे उत्तर मिळाले की आद्याक्षरापुढे बरोबरची खूण. महिन्यांनंतर अचानक भेटल्या तर हळूच विचारीत, "त्या गोष्टीचे काय झाले?" आणि आपण सांगू तेवढेच ऐकून घेत. त्या गेल्यानंतर डायऱ्या घरच्यांना सापडल्या, पण कोणाचे काय दुःख होते ते त्यांतून कोणालाच वाचता आले नाही. मंडळीत जवळचे माणूस कोणाला म्हणावे असे तरुण मुलांनी विचारले तर मी या बाईंचे उदाहरण देतो. जिच्या पोटात गोष्ट राहते आणि जिच्या प्रार्थनेत नाव राहते, ती जवळची.

पण जवळचे माणूस म्हणजे नुसते हो ला हो म्हणणारे नव्हे. पंडिता रमाबाईंचा 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक माता. रमाबाईंच्या लहानग्या मनोरमेची ती आजीबाई, आणि म्हणून पत्रांत रमाबाईंचीही. या दोघींची पत्रे वाचावीत. त्रैक्याच्या सिद्धान्तावर, चर्चच्या अधिकारावर, अगदी खाण्यापिण्याच्या नियमांवरही त्या एकमेकींशी भांडल्या आहेत. माझी बुद्धी आणि माझा विवेक मी कोणाच्या हवाली करणार नाही, या आशयाचे रमाबाईंनी तिला रोखठोक कळवले. तिनेही आपले म्हणणे मऊ केले नाही. आणि तरी पत्रे थांबली नाहीत. 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो पत्रव्यवहार छापला, तो सांभाळून, जुळवून ठेवला होता याच सिस्टर जेराल्डिननी; ज्या पत्रांत रमाबाई त्यांना खोडून काढतात त्या पत्रांसकट. विश्वासात आपल्याहून वडील असलेल्या माणसाशी असे भांडता येणे ही मोठी कृपा आहे. आपल्या मंडळ्यांत वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारला की तो अविश्वास ठरतो, आणि मग मुले प्रश्न घेऊन भलत्याच ठिकाणी जातात.

आणि बाहेरच्यांचे काय? माझ्या वडिलांचे जिवलग मित्र एसटीत चालक होते, माळकरी, आषाढीला पंढरपूर न चुकवणारे. वडिलांची दृष्टी गेल्यावर ते संध्याकाळी येऊन त्यांना शास्त्र वाचून दाखवीत. खड्या आवाजात, पोथी वाचावी तसे. वडिलांचे आणि माझ्या काकांचे जमिनीवरून बोलणे तुटले होते. एके दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानात क्षमेचा भाग आला. त्यांनी वाचता वाचता पुस्तक मांडीवर उपडे ठेवले आणि म्हणाले, "दादा, हे तुमच्याच देवाने सांगितलंय ना? मग भावाला फोन कधी लावता?" वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "काकांचा नंबर लावून दे." मंडळीतल्या कोणाची हे म्हणायची छाती झाली नव्हती. मी त्यांना वाईट संगत कसा म्हणू?

नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरात हेच घडत होते. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तुकोबांना कधीच विसरले नाहीत. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात भेटलेला कोवळा त्र्यंबक बापूजी ठोंबरे पुढे त्यांच्या घरात मुलासारखा राहिला. तो ख्रिस्ती झाला नाही. तो बालकवी झाला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्याच्याविषयी लिहिले आहे ते आईच्या मायेने. आणि नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने ताटातूट झालेल्या खुद्द लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या त्याही आपले सोवळे घेऊनच. त्यांचे मन त्यांच्या वेळेने बदलले. घर असे मोकळे ठेवायला आपला पाया कुठे आहे हे पक्के ठाऊक असावे लागते. ज्याचा पाया हलतो तो दार लावून घेतो.

मात्र एक गोष्ट मी पडदा न ठेवता लिहितो. वडिलांचे ते मित्र त्यांना शास्त्र वाचून दाखवू शकत होते, पण त्यांच्यासोबत गुडघे टेकून ख्रिस्ताच्या नावाने रडू शकत नव्हते. तशी अपेक्षा करणे त्यांच्यावर अन्याय झाला असता. त्यासाठी वडिलांना दुसरे एक वृद्ध शिक्षक होते. विश्वास ठेवणाऱ्याला दोघेही लागतात. पण पाप कबूल करायला, बोलावणे नेमके देवाचे आहे की आपल्याच हावेचे हे पारखायला, तोच विश्वास धरणारे एक तरी माणूस असावे लागते.

प्रभू येशूने हेच केले. त्याच्या ताटाशी कोण नव्हते? लेवीच्या घरी जकातदार, जक्कयाच्या घरी सारे गाव नाक मुरडत असताना तो, शिमोन परुश्याच्या घरी ती पापी म्हणून ओळखली जाणारी बाई. त्याने दार कोणालाच लावले नाही. पण बारा जण निवडायची वेळ आली तेव्हा लूक सांगतो की तो डोंगरावर गेला आणि रात्रभर प्रार्थनेत होता. बारांतूनही याईराच्या घरात, मुलीच्या अंथरुणाशी, त्याने पेत्र, याकोब आणि योहान या तिघांनाच नेले. हसणाऱ्या लोकांना बाहेर काढले. गेथशेमाने बागेत मरणप्राय दुःख त्याने बोलून दाखवले तेही या तिघांपाशी. ते झोपी गेले. बारांतल्या एकाने त्याला विकले. रात्रभर प्रार्थना करून निवडलेली माणसेही कमी पडतात, हे ठाऊक असूनही त्याने निवडायचे सोडले नाही.

पेत्राचे त्या रात्रीचे प्रकरण मी फार वेळा वाचले आहे. प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशाचा विस्तव पेटला होता. थंडी होती. दास आणि शिपाई शेकत उभे होते, पेत्रही त्यांच्यात शेकत उभा राहिला. कोणी त्याला ओढून नेले नव्हते, कोणी पाजले नव्हते. त्याला नुसती ऊब हवी होती. आणि ज्यांच्या विस्तवाशी माणूस शेकतो त्यांच्यासमोर त्याला वेगळे दिसायचे नसते. एका दासीने विचारले आणि तो म्हणाला, मी नाही. आजची आपली मुले बिघडतात तीही बहुधा अशीच. परक्या शहरात, एकटे वाटते म्हणून, ज्या खोलीत उजेड आणि हसणे आहे तिथे जाऊन बसतात. त्यांना धाक घालण्याऐवजी आपल्या मंडळीने त्या शहरात विस्तव पेटवून ठेवला आहे का, हे आधी विचारावे. तिबिर्याच्या किनाऱ्यावर प्रभूने तेच केले : कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, भाकर, आणि पेत्राला हाक.

सगळ्यांनीच जपून संगत धरली असती तर पौलाला, तेव्हाच्या शौलाला, कोणी जवळ केले असते? छळ करणारा म्हणून यरुशलेमेतले शिष्य त्याला भीत होते. बर्णबाने त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेले. तोच शौल पौल झाल्यावर मार्काला सोबत न्यायला तयार नव्हता, कारण मार्क पंफुल्यात त्यांना सोडून परतला होता. बर्णबा आणि पौल यांचे त्यावरून इतके बिनसले की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. कोण बरोबर, हे लूक लिहीत नाही. मला वाटते, पौलाने त्या वेळी मार्काला कामात न घेणेही बरोबर होते आणि बर्णबाने त्याला न सोडणेही. पण कुठल्याही मंडळीत पौल पुष्कळ असतात आणि बर्णबा मोजके, म्हणून माझे झुकते माप बर्णबाला.

वर्षांनंतर पौल रोमच्या कैदेतून तीमथ्याला शेवटचे पत्र लिहितो. दिमास या जगाच्या प्रेमाने सोडून गेला. लूक एकटा जवळ आहे. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तके आण, हिवाळ्याआधी ये. आणि येताना मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. वाचकहो, तुमच्याही ओळखीत एखादा मार्क असेल, ज्याला तुम्ही किंवा तुमच्या मंडळीने एकदा नाकारले. त्याला निरोप धाडा. हिवाळ्याआधी धाडा.